देश आधी, पण कोणाचा देश?

लोकशाहीत करांवरून, जमिनीवरून, शिक्षणावरून किंवा परराष्ट्र धोरणावरून पक्षापक्षांत वाद होतात आणि ते होणे रास्तच मानले जाते. मात्र वाद एकदा विरोधकाच्या देशभक्तीवर घसरला की त्याची जात बदलते, कारण धोरण चुकले असे म्हणणाऱ्याला आकडे आणि युक्तिवाद यांनी उत्तर देता येते, पण देशावर तुमचे प्रेमच नाही असे म्हणणाऱ्यापुढे कोणता पुरावा ठेवावा हे कोणालाच सांगता येत नाही. प्रेम ही अंतःकरणातील गोष्ट आहे आणि तिचे माप बाहेरच्या कोणाच्या हाती नसते. असे असूनही देशभक्तीची अपेक्षा प्रत्येक नागरिकाकडून केली जाते, तिच्या अभावी माणसाला दोष दिला जातो आणि प्रत्येक पक्ष ती आपल्याकडे इतरांपेक्षा अधिक असल्याचे सांगतो. म्हणून पक्षभेद ओलांडून टिकेल असा देशभक्तीचा काही अर्थ आहे का, हा प्रश्न राजकारणाच्या आधी नीतिशास्त्राचा ठरतो.

या प्रश्नातील पहिली अडचण प्रेमाच्या विषयाची आहे. देश म्हणजे भूमी, देश म्हणजे माणसे, देश म्हणजे परंपरा आणि देश म्हणजे सर्वांनी मिळून स्वीकारलेली राज्यव्यवस्था, असे निदान चार अर्थ सार्वजनिक बोलण्यात एकमेकांत मिसळलेले असतात, आणि निरनिराळे पक्ष त्यांतील निरनिराळ्या अर्थाला अग्रस्थान देतात. अ‍ॅलस्डेअर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने १९८४ साली दिलेल्या एका व्याख्यानात अशी मांडणी केली, की माणूस नीती शिकतो तो एका विशिष्ट समाजात, आणि म्हणून त्या समाजावरील निष्ठा बाजूला ठेवून नीतीचा विचार करणे वाटते तितके सोपे नाही. त्याच्या काही वर्षे आधी, १९७९ साली, जर्मन विचारवंत डॉल्फ स्टर्नबर्गर यांनी संविधाननिष्ठ देशभक्तीची कल्पना पुढे आणली होती. वंश आणि रक्त यांच्या नावाने झालेल्या अत्याचारांनंतर देशप्रेमाचा आधार समान वंशाऐवजी समान हक्क देणाऱ्या घटनेत शोधावा, असा तिचा आशय होता. पहिल्या मतात जिव्हाळा आहे, पण तो परक्याला सहज बाहेर ठेवतो. दुसऱ्यात न्याय आहे, पण कलमांच्या यादीसाठी माणूस जीव का टाकेल, याचे उत्तर त्यात सहजी सापडत नाही. पक्षांमधील देशभक्तीचे पुष्कळसे वाद प्रेमाच्या प्रमाणाविषयी असल्याचे भासतात, पण मुळात ते प्रेमाचा विषय कोणता याविषयी असतात.

महाराष्ट्रात हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जितक्या स्पष्टपणे उभा राहिला तितका फार थोड्या ठिकाणी राहिला असेल. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याला लोकमान्य टिळकांनी विरोध केला, तर गोपाळ गणेश आगरकर आणि त्यांच्या विचारांची मंडळी कायद्याच्या बाजूने उभी राहिली. टिळकांच्या दृष्टीने समाजाच्या अंतर्गत व्यवहारात परक्या सरकारला हात घालू देणे म्हणजे पारतंत्र्य घरात आणणे होते. आगरकरांच्या दृष्टीने अल्पवयीन मुलीच्या यातनांकडे पाठ फिरवून मिळवलेला स्वाभिमान हा स्वाभिमानच नव्हता. एकाचे प्रेम समाजाच्या स्वायत्ततेवर होते आणि दुसऱ्याचे त्या समाजातील सर्वांत दुबळ्या व्यक्तीवर. दोघांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात एकत्र दिवस काढले होते, त्यामुळे त्यांच्यापैकी कोणाला देशाची चाड नव्हती असे म्हणण्याला काही आधार उरत नाही.

नामदार गोपाळ कृष्ण गोखले आणि टिळक यांच्यातील भेद याहून दीर्घ चालला. गोखल्यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलताना दाखवून दिले, की दुष्काळाने पिचलेल्या देशात सरकारी तिजोरीत पडणारी शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नसून रयतेवर वाजवीपेक्षा जास्त कर बसल्याचे लक्षण आहे. मिठावरील करासारख्या रुक्ष विषयात त्यांची देशभक्ती व्यक्त होत असे. १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या उद्देशपत्रिकेत त्यांनी सार्वजनिक जीवनाला धर्मजीवनाचे पावित्र्य यावे अशी अपेक्षा धरली, आणि त्याच पत्रिकेत ब्रिटिशांशी असलेला संबंध मोकळेपणाने मान्यही केला. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकसंग्रहाला, म्हणजे फळाची आसक्ती न धरता समाजाच्या धारणेसाठी कर्म करीत राहण्याला, मध्यवर्ती स्थान दिले. दोघांनीही देशकार्याला धर्माचरणाचा दर्जा दिला आणि तरीही १९०७ च्या सुरत अधिवेशनात त्यांचे पक्ष उघडपणे फुटले. टिळक सुटून आल्यावर समेटाचे जे प्रयत्न झाले तेही फसले, आणि १९१५ च्या आरंभी या दोन्ही बाजूंत वृत्तपत्रांतून कडवट वाद चालू होता. त्याच वर्षी १९ फेब्रुवारीला गोखले वारले, तेव्हा सिंहगडाहून पुण्यात आलेल्या टिळकांनी स्मशानात भाषण करून त्यांना भारताचे आणि महाराष्ट्राचे रत्न म्हणून गौरवले आणि त्यांचा कित्ता गिरवण्यास लोकांना सांगितले. त्या गौरवाने मतभेद मिटले नाहीत आणि टिळकांनी आपला एकही आक्षेप मागे घेतला नाही. मत चुकीचे ठरवणे आणि हेतू खोटा ठरवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, एवढे मात्र त्या प्रसंगाने सिद्ध केले.

सत्ता ही भेदरेषा सहसा मानत नाही, कारण सरकारवरील टीका ही देशावरील टीका ठरवण्यात तिचा उघड फायदा असतो. भारतीय दंडविधानात १८७० साली घातलेले राजद्रोहाचे कलम १२४ अ हे याचे ठळक उदाहरण होय. या कलमाने सरकारविषयी अप्रीती निर्माण करणे हा गुन्हा ठरवला, आणि १८९७ च्या टिळकांवरील खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी अप्रीतीचा अर्थ प्रीतीचा अभाव असाच लावला. म्हणजे सरकारविषयी द्वेष पसरवणाराच नव्हे, तर सरकारविषयीचे प्रेम ओसरेल असे लिहिणाराही शिक्षेस पात्र झाला. १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात महात्मा गांधींनी याच कलमाखालील आरोप मान्य करताना या विचारातील मूळ दोषावर बोट ठेवले, की प्रेम कायद्याने उत्पन्न होत नाही आणि कायद्याने त्याचे नियमनही होत नाही. स्वातंत्र्यानंतर हे कलम तसेच राहिले. १९६२ च्या केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची व्याप्ती हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरती मर्यादित केली, आणि मे २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित ठेवण्यास सांगितले. या दीर्घ इतिहासातून निघणारा निष्कर्ष साधा आहे: राज्यसंस्था कृतीचा न्याय करू शकते, भावनेचा नाही, आणि जो पक्ष विरोधकाच्या भावनेचा न्याय करू पाहतो तो परकीय सरकारची जुनी भूमिका स्वतःकडे घेतो.

यावर एक गंभीर आक्षेप उरतो. प्रेमाची सक्ती करता येत नसली तरी देश आधी आणि पक्ष नंतर, हा क्रम तरी सर्वांनी मानला पाहिजे की नाही? या प्रश्नाचा सर्वांत खोल विचार डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनात आढळतो. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईत मणिभवनात गांधीजींशी झालेल्या भेटीत त्यांनी आपल्याला मायभूमी नाही असे सांगितले. जिथे आपल्या माणसांना कुत्र्यामांजरांहून हीन वागणूक मिळते आणि प्यायला पाणी मिळत नाही, ती भूमी आपली कशी म्हणावी, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९३९ साली मुंबई विधिमंडळात, विरोधी बाकावरून, त्यांनी आपल्या निष्ठांचा क्रम उघड केला: स्वतःचे हित आणि देशाचे हित यांत विरोध आला तर देश आधी, पण देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला तर अस्पृश्य आधी. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात त्याच आंबेडकरांनी इशारा दिला, की पक्षांनी आपल्या मतप्रणालीला देशापेक्षा वरचे स्थान दिले तर देशाचे स्वातंत्र्य पुन्हा धोक्यात येईल.

वरवर पाहता या दोन विधानांत विसंगती आहे, आणि आंबेडकरांच्या टीकाकारांनी १९३९ च्या भूमिकेवरून त्यांच्या देशनिष्ठेविषयी शंका घेण्यात कसूर केली नाही. परंतु दोन्ही विधानांत देश या कल्पनेचा आशय एक नाही. १९३९ साली देशाच्या नावाने जे मागितले जात होते ते देण्यास ज्यांना सांगितले जाई, त्यांना त्या देशात गावच्या पाणवठ्यावर भांडे बुडवण्याचाही अधिकार नव्हता. तिथे देश आधी म्हणणे याचा व्यवहारातील अर्थ बहुसंख्यांचे हित आधी असा होत होता. १९४९ साली जो देश आकाराला आला होता त्याने अस्पृश्यता बेकायदा ठरवली होती, प्रत्येक प्रौढाला मत दिले होते आणि त्याच्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद आंबेडकरांकडेच होते. मधल्या काळात एक लक्षणीय गोष्ट घडली होती. फाळणीमुळे बंगालमधील त्यांची जागा गेली तेव्हा, जुलै १९४७ मध्ये, मुंबईतून त्यांना घटना समितीवर पुन्हा निवडून आणले ते काँग्रेसने. आणि १९३९ साली ज्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळासमोर ते विरोधात बसले होते तेच खेर तेव्हा मुंबईचे प्रमुख होते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळात आंबेडकर आणि श्यामाप्रसाद मुखर्जी हे दोन काँग्रेसबाहेरचे नेते बसले आणि पुढे दोघांनीही मतभेदांवरून राजीनामे दिले. देशाला प्राधान्य देण्याची मागणी नैतिक कधी होते, याचे उत्तर या घडामोडींत आहे: ज्याच्याकडे ती करायची त्याला आधी त्या देशात बरोबरीची जागा द्यावी लागते.

ही जागा म्हणजे काय, हे आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात ग्रीसचा इतिहासकार जॉर्ज ग्रोट याच्या आधाराने सांगितले. ग्रोटच्या मते संविधानिक नीतिमत्तेत घटनेच्या चौकटीविषयी आदर येतो, सत्ताधाऱ्यांवर निर्भीड टीका करण्याची मोकळीक येते, आणि शिवाय पक्षीय लढाईच्या ऐन कडवटपणातही ही चौकट आपल्या इतकीच प्रतिपक्षालाही पवित्र वाटते असा विश्वास येतो. पक्षभेदापलीकडील देशभक्तीची याहून नेमकी व्याख्या सापडणे कठीण आहे. ती विरोधकाच्या मताशी सहमत होण्यास सांगत नाही. विरोधकाच्या निष्ठेवर भरवसा ठेवण्यास सांगते, आणि हा भरवसा पुराव्यानंतर देण्याची गोष्ट नसून व्यवहाराच्या आरंभी गृहीत धरण्याची गोष्ट आहे असे सुचवते.

अशा भरवशाची परीक्षा युद्धकाळात होते. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाल्यावर ८ नोव्हेंबरला संसद बसली आणि लढाई चालू असतानाच सरकारच्या तयारीवर तिथे कठोर टीका झाली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना जावे लागले ते सत्ताधारी पक्षातील असंतोषामुळेही. त्यांच्या जागी महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण दिल्लीला गेले, तेव्हा हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे वर्णन मराठी माणसाच्या तोंडी बसले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने चव्हाणांच्या पक्षाशी अटीतटीची झुंज दिली होती. पण संरक्षणमंत्री म्हणून ते नाशिकच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले तेव्हा विरोधी पक्षांनी त्यांना बिनविरोध निवडून दिले. हे औदार्य सरकारला दिलेली सूट मात्र नव्हते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू मंत्रिमंडळाविरुद्ध लोकसभेतील पहिला अविश्वास ठराव मांडला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, पण तो मांडणाऱ्यांना कोणी शत्रूचे हस्तक ठरवून सभागृहाबाहेर काढले नाही.

त्याच काळाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. कम्युनिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेने देशाच्या संरक्षणाला पाठिंबा देणारा ठराव केल्यानंतरही त्या पक्षाच्या अनेक कार्यकर्त्यांना स्थानबद्ध करण्यात आले, आणि भारतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेऊन ठेवण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काही केले होते असे नाही; त्यांच्या मनात काय असेल या शंकेवर त्यांना शिक्षा झाली. एकजुटीच्या क्षणी जो भरवसा नाशिकला दाखवला गेला तोच देवळीला नाकारला गेला, आणि ज्यांची मते थोडी, त्यांच्या वाट्याला नकार आला.

देशद्रोह नावाची गोष्टच नसते, असा याचा अर्थ नाही. शत्रूला माहिती पुरवणे, शस्त्र उचलणे, हिंसेला चिथावणी देणे ही कृत्ये आहेत, ती पुराव्याने सिद्ध होतात आणि त्यांना कायद्यात शिक्षा आहे. मात्र कर, सीमा, भाषा, धर्म किंवा युद्ध यांविषयी वेगळे मत असणे हे कृत्य नव्हे. या भेदाचे सर्वाधिक ओझे सत्तेवरील पक्षावर पडते, कारण सरकार आणि देश यांचे एकीकरण करण्याची साधने, म्हणजे कायदा, पोलीस आणि सरकारी प्रसिद्धियंत्रणा, फक्त त्याच्याच हातात असतात. विरोधी पक्षावरही कर्तव्य येते, ते असे की सत्ताधाऱ्यांच्या अपयशात देशाचे अपयश पाहून त्याने आनंद मानू नये. देश आधी हे वाक्य स्वतःच्या पक्षाला उद्देशून म्हटले तर तो संयम ठरतो. दुसऱ्याला उद्देशून म्हणायचे असेल, तर त्या दुसऱ्याला या देशात आपल्या इतकाच वाटा आहे हे म्हणणाऱ्याने आधी आपल्या कृतीतून दाखवून दिलेले असावे लागते.