पार्किंग फुकट, पास मात्र पदरचा

तळघरातल्या एका मोटारीसाठी, आत-बाहेर काढण्याच्या वाटेसकट, नगररचनेच्या हिशेबात सुमारे ३२ चौरस मीटर जागा धरतात. म्हणजे जवळजवळ ३४५ चौरस फूट. वरच्या मजल्यावर त्याच मोटारीच्या मालकाच्या वाट्याला टेबल, खुर्ची, मीटिंगची खोली आणि कँटीनचा हिस्सा धरून आयटी ऑफिसात फार तर शंभर चौरस फूट येतात. दिवसभर नुसत्या उभ्या राहणाऱ्या गाडीला माणसाच्या तिप्पट जागा मिळते आणि तिचा खर्च कंपनी सोसते. पगाराच्या स्लिपवर ही रक्कम दिसत नाही, त्यामुळे ती कुणाला खर्च वाटतच नाही.

‘कर्मचारी ऑफिसला कसे येतात हा त्यांचा प्रश्न,’ असं म्हणणाऱ्या व्यवस्थापनाने आधी हे पाहायला हवं. प्रवासाला मदत तर चालूच आहे, पण ती फक्त गाडीवाल्याला मिळते. पुण्यात पीएमपीच्या बसने येणाऱ्याला काहीच मिळत नाही. पीएमपीचा मासिक पास जून २०२५ मध्ये ९०० रुपयांवरून १,५०० रुपयांवर गेला. ही वाढ त्याने आपल्या खिशातून भरली.

हिंजवडीतल्या कुठल्याही मोठ्या इमारतीच्या फाटकाशी सकाळी उभं राहिलं तर हा भेद डोळ्यांनी दिसतो. शिट्टी वाजवत मोटारींना रांगेत लावणारा सुरक्षारक्षक स्वतः दोन बस बदलून, शेवटचा टप्पा शेअर रिक्षाने किंवा पायी गाठून आलेला असतो. हाऊसकीपिंगच्या बायका, कँटीनमधली मुलं यांचीही तीच गत. यांतले बहुतेक कंत्राटी, त्यामुळे ऑफिसची बस असली तरी तिच्यात चढण्याचा पास त्यांच्या गळ्यात नसतो. वाहतूक कोंडीवरच्या बैठका मात्र त्यांनीच पुसून ठेवलेल्या टेबलाभोवती होतात.

कंपनीची बस पुण्याला नवी नाही. टेल्को आणि बजाजच्या बस पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांकडे शहराच्या कानाकोपऱ्यातून कामगार नेत. डबा घेऊन नाक्यावर उभी असलेली फर्स्ट शिफ्टची माणसं हे कित्येक वस्त्यांमधलं रोजचं दृश्य होतं. मग आयटीत हे का विस्कटलं? कारखान्याचा भोंगा ठरलेल्या वेळी होतो. ऑफिसातला परदेशी ग्राहकाचा कॉल सात म्हणता नऊला संपतो. बस चुकली तर परत कसं जायचं, या धास्तीने माणूस रोज गाडी काढतो. असा उशीर महिन्यातून एकदोनदाच होत असेल, पण त्या एकदोन दिवसांसाठी बाकीचे सगळे दिवस मोटार रस्त्यावर येते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. बसने किंवा मेट्रोने येणाऱ्याला उशीर झाला, मुलाच्या शाळेतून फोन आला, तर कंपनी आपल्या खर्चाने टॅक्सी करून देईल, एवढी हमी. अमेरिकेत अनेक ठिकाणी ही सोय आहे. आपल्याकडे निदान एका बाबतीत तिची सवय आहे: राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर कामावर असलेल्या महिलेला घराच्या दारापर्यंत पोचवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तीच व्यवस्था संध्याकाळी सातनंतर, सगळ्यांसाठी थोडी ताणायची.

सिअ‍ॅटलच्या मुलांच्या रुग्णालयाचं उदाहरण इथे तपशिलाने पाहण्यासारखं आहे. १९९५ मध्ये तिथले जवळजवळ तीनचतुर्थांश कर्मचारी एकेकटे मोटारीने येत. रुग्णालयाला इमारती वाढवायच्या होत्या, शेजाऱ्यांना आणखी गाड्या नको होत्या, त्यामुळे प्रवासाचा आराखडा करणं भागच पडलं. त्यांनी मासिक पार्किंगऐवजी रोजचं शुल्क ठेवलं. ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे. महिन्याचे पैसे एकदा भरले की ‘भरलेच आहेत तर गाडी काढू’ असं होतं. रोज पैसे मोजायचे तर रोज सकाळी विचार करावा लागतो. जो गाडी आणणार नाही त्याला दिवसामागे काही डॉलर बक्षीस. आठवड्यातून दोनदा तरी सायकलने येण्याचं कबूल करणाऱ्याला सायकलच भेट. पुढच्या दीड-दोन दशकांत एकेकटे मोटारीने येणारे ४० टक्क्यांच्या खाली आले. परिचारिका, डॉक्टर, पाळ्यांमध्ये राबणारी माणसं असूनही हे झालं.

कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदाच केला: ठरावीक आकाराची कंपनी भाड्याने जागा घेऊन फुकट पार्किंग देत असेल, तर ते नाकारणाऱ्याला तेवढे पैसे रोख द्यायचे. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी अशा आठ कंपन्या तपासल्या. एकेकटे गाडी आणणाऱ्यांचं प्रमाण ७६ टक्क्यांवरून ६३वर आलं होतं. कुणावर सक्ती नव्हती. पैसे तेच होते, फक्त ते कशावर खर्च करायचे हे माणसाच्या हाती आलं.

आपला करकायदा मात्र उलट्या दिशेने ओढतो. घर ते ऑफिस प्रवासासाठी कंपनीने वाहन पुरवलं तर कर्मचाऱ्याला त्यावर प्राप्तिकर नाही. तेच पैसे प्रवासभत्ता म्हणून हातात दिले, तर २०१८ पासून दिव्यांगांखेरीज इतरांना ते करपात्र. जपानमध्ये महिन्याला दीड लाख येनपर्यंतचा असा भत्ता करमुक्त आहे. फ्रान्समध्ये पासची निम्मी किंमत मालकाने देणं बंधनकारक आहे. शिवाय ११ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांकडून शहरी वाहतुकीसाठी वेगळी आकारणी होते. पॅरिसमध्ये ती १९७१ पासून चालू आहे. आपल्याकडे एक गोष्ट तेवढी जमेची: चालकासह १३ पेक्षा जास्त आसनांची बस भाड्याने घेतली तर कंपनीला जीएसटीचं क्रेडिट घेता येतं, छोट्या कॅबला सहसा मिळत नाही.

पैशांइतकीच वेळेची मुभाही द्यावी लागेल. मुंबईत मध्य रेल्वेने शेकडो आस्थापनांना वेळा बदलण्याची विनंती केली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्याच मुख्यालयात दोन पाळ्या केल्या: साडेनऊ ते पावणेसहा आणि साडेअकरा ते पावणेआठ. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडले, काही जीवानिशी गेले. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून अधिक माणसं मरतात, त्यांतली बरीच रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून. हजेरीचं यंत्र दहा वाजून पाच मिनिटांनी ‘लेट मार्क’ लावत असेल, तर गच्च भरलेली लोकल सोडून पुढची पकडायचं धैर्य कोण करेल? बायोमेट्रिकच्या सेटिंगमध्ये दीड तासाची मुभा द्यायला कंपनीला जवळजवळ काही खर्च येत नाही.

माण-हिंजवडी ते शिवाजीनगर या २३ किलोमीटरच्या मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं आणि तिची मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. पण मेट्रो आली तरी स्थानकापासून फाटकापर्यंतचा रस्ता उरतोच. तिथे शेजारच्या चार कंपन्यांनी मिळून एक मिनीबस फिरवली तर पुरे. कर्मचाऱ्यांचे पिनकोड एचआरकडे असतातच. ते नकाशावर टाकले की बसचे मार्ग आपोआप दिसतात. ऑफिसचा भाडेकरार नव्याने होतो तेव्हा पार्किंगचे काही खण परत करून ते पैसे पासकडे वळवता येतात. आणि हाऊसकीपिंग व सुरक्षेच्या कंत्राटाची पुढची निविदा काढताना गणवेश आणि बूट यांच्या खालोखाल एक ओळ वाढवावी: महिन्याचा बसपास, कंपनीच्या खर्चाने.