रिकामे असूनही न थांबणारे यंत्र

शास्त्रवाचन : निर्गम 5:6-18, अनुवाद 5:12-15, मार्क 4:35-40



मंडळीच्या कचेरीतील कॉम्प्युटरविषयी उपदेशाच्या पानावर लिहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटेल. पण आपल्या प्रभूने जाळे, खमीर, दिवा अशा घरादारातील वस्तूंवरूनच लोकांना शिकविले. आणि आज बाप्तिस्म्याच्या दाखल्यापासून शब्बाथशाळेच्या प्रश्नपत्रिकेपर्यंत सारे काही याच यंत्रातून निघते. तेव्हा त्याच्यापासून आपणही थोडे शिकलो तर बिघडणार नाही.

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. कचेरीत कोणी नसतानाही कॉम्प्युटरचा पंखा सारखा घरघरत असे. प्रथम आम्हांला वाटले, धूळ बसली असेल. पेटी उघडून ब्रशने धूळ काढली. घरघर तशीच. मग वाटले, आत काही छुपे काम चालले असेल. कधी कधी तसे असतेही. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम किंवा अर्धवट राहिलेले अपडेट पाठीमागे राबत असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून 'टास्क मॅनेजर' उघडून पाहिले. तेथील यादीत 'सिस्टम आयडल प्रोसेस' नावापुढे 97 टक्के असा आकडा होता. तो पाहून पंचकमिटीतील एक बंधू म्हणाले, "हाच चोर! आधी याला बंद करा." त्यांची समजूत घालावी लागली की, ते काम नव्हे, तो प्रोसेसरचा रिकामा वेळ आहे. यंत्राच्या हिशेबात रिकामपणालाही स्वतःची ओळ असते. (उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देवाच्या विसाव्यालाही स्वतःचा दिवस आहे आणि तोही मोजलेला आहे, हे त्या वेळी आमच्या मनात आले.)

म्हणजे छुपे काम काहीच नव्हते. काम जेमतेम दोन-तीन टक्के, पण वेग मात्र 3.4 गिगाहर्ट्झवर खिळलेला. हा प्रोसेसर रिकामा असताना 800 मेगाहर्ट्झपर्यंत उतरू शकतो. तो उतरतच नव्हता.

कारण सापडले ते साधे होते. यंत्राला वीज कशी वापरायची हे सांगणारी एक योजना असते. तिच्यात 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' म्हणून एक ओळ आहे : कमीत कमी किती जोराने चालायचे ती मर्यादा. समतोल योजनेत तो आकडा बहुधा 5 टक्के असतो. आमच्या यंत्रात 'हाय परफॉर्मन्स' ही योजना लावलेली होती आणि तेथे आकडा होता 100. जास्तीत जास्त शंभर आणि कमीत कमीही शंभर! नाताळच्या कार्यक्रमात पडद्यावरची गीते अडखळत होती, म्हणून आम्हीच एका तरुणाकडून ते करवून घेतले होते. नाताळ झाला, नवे वर्ष गेले, पुनरुत्थानाचा सण गेला. तो हुकूम मागे घ्यायचे कोणाच्या लक्षात आले नाही.

योजना बदलताच वेग खाली आला, पण पंखा पुरता शांत झाला नाही. तेव्हा त्या तरुणाला आठवले की, त्याने त्याच दिवशी बायॉसमध्ये जाऊन 'सी-स्टेट' ही सोयही बंद केली होती. प्रोसेसरला काम नसेल त्या क्षणी त्याचे भाग थोडा वेळ झोपू देणारी ती सोय आहे. ती पुन्हा चालू केली, आणि यंत्र चालू आहे की बंद हे पाहायला आम्हांला दिव्याकडे बघावे लागले.

आता आपण मिसर देशात जाऊ. निर्गमच्या पाचव्या अध्यायात फारो इस्राएल लोकांना भुसा देण्याचे बंद करतो, पण विटांची संख्या मात्र तीच ठेवतो. मुकादमांना मार बसतो. ते गाऱ्हाणे घेऊन जातात तेव्हा फारोचे उत्तर काय? हे लोक आळशी आहेत, म्हणूनच यांना यज्ञ करायला जायचे सुचते. गुलामीची खूण केवळ पुष्कळ कामात नाही. पुष्कळ काम स्वतंत्र माणसालाही असते. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला विचारा. जेथे खाली उतरण्याची मुभाच नाही आणि उतरण्याची नुसती इच्छा केली तरी आळशी म्हणवून घ्यावे लागते, ते मिसर. म्हणूनच अनुवादात शब्बाथाची आज्ञा पुन्हा दिली तेव्हा मोशेने तिचे कारण सृष्टीत न दाखविता मिसरात दाखविले : तुम्ही तेथे दास होता, हे ध्यानात ठेवा. आणि तो विसावा घरधन्यापुरता नाही. दास, दासी, बैल, गाढव, वेशीच्या आतला परका, सर्वांना आहे.

फारो मेला, पण त्याचा आकडा आपण आपल्याच हातांनी लावून घेतो. आम्ही हे दुसऱ्यांविषयी बोलत नाही. आमच्या मातोश्री शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा आम्ही रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसत असू. लोक म्हणत, मुलगा किती करतो! पण आमच्या मांडीवर मंडळीच्या सभेचे इतिवृत्त असे, नाहीतर रविवारच्या संदेशाचे टिपण. एकदा त्या म्हणाल्या, "जरा बस रे माझ्याजवळ."

"बसलोच आहे की, आई."

"बसलायस खरा," त्या म्हणाल्या, "पण आलेला नाहीस."

त्या दिवशी इतिवृत्त घाईचे नव्हते. कोणी मागितलेही नव्हते. त्यानंतर अडीच महिन्यांनी प्रभूने त्यांना आपल्याकडे नेले. त्या टिपणांतले एक वाक्यही आज आम्हांला आठवत नाही. हे एक तेवढे आठवते.

आपण म्हणाल, सेवेचे काम आहे. हळू झालो आणि नेमक्या वेळी उठता आले नाही तर? हीच भीती त्या तरुणालाही होती. पण यंत्राचे म्हणाल तर काम येताच ते 800 वरून पूर्ण वेगावर जाते आणि याला सेकंदाचा अगदी लहानसा अंश लागतो. माणसाला तो कळतही नाही. नाताळला गीते अडखळली त्याचे कारण निराळेच होते, चित्रांच्या फाइली भारी होत्या. आणि प्रभूचे म्हणाल तर मार्काच्या चौथ्या अध्यायात दिवसभर लोकसमुदायाला शिकवून तो नावेच्या मागच्या भागात उशीवर झोपला आहे. वादळ आले आहे, नाव भरू लागली आहे, आणि तो झोपला आहे. शिष्यांनी जागे केले तेव्हा उठून त्याने वाऱ्याला धमकाविले. झोपल्यामुळे उशीर झाला नाही. बुडण्याची भीती वाटली ती जागे असलेल्यांना.

एलीयाची गोष्ट शब्बाथशाळेत आपण कर्मेल डोंगरावरच्या अग्नीपर्यंत रंगवून सांगतो आणि पुढच्या अध्यायाशी घाईने संपवितो. पण 1 राजे 19 मध्ये रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या त्या संदेष्ट्याला देवदूताने आधी काय सांगितले? ऊठ आणि खा. त्याने खाल्ले व तो पुन्हा झोपला. देवदूताने त्याला झोपू दिले, मग दुसऱ्यांदा जेवू घातले. देवाचा प्रश्न त्यानंतर, होरेबावर. मुलांना हा भागही सांगावा. पण शिक्षक स्वतः झोपेविना आला असेल, तर तो कोणत्या तोंडाने सांगणार?

आमच्या शब्बाथशाळेतील एका शिक्षिकाबाईंनी या वर्षी काम सोडले. बावीस वर्षांत त्यांना एकही रविवार मोकळा मिळाला नव्हता. मोठ्यांची उपासना चालू असताना त्या मागच्या खोलीत मुलांजवळ असत. प्रभुभोजनाला तेवढ्या धावत येऊन परत जात. आम्ही दर वर्षी वार्षिक सभेत त्यांचे आभार मानले. त्या दमल्या आहेत का, हे बावीस वर्षांत कोणी विचारले नाही. आम्ही त्यांना भेटायला गेलो तेव्हा त्यांना राग नव्हता. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊ, मला एकदा बाकावर बसून पूर्ण उपदेश ऐकायचा आहे."

जून महिन्यापासून आमच्याकडे प्रत्येक शिक्षकाला महिन्यातून एक रविवार मोकळा ठेवला आहे. त्या दिवशी वर्ग घ्यायचा नाही, हजेरी घ्यायची नाही, गायनाची वहीसुद्धा वाटायची नाही. माणसे कमी असल्यामुळे दोन वर्ग एकत्र करावे लागतात आणि गोंगाट होतो. तो चालवून घेत आहोत. फळ्यावर पाळीचा तक्ता लावला आहे. दुसरा रविवार आमचा आहे. पहिल्या महिन्यात आम्ही बाकावर बसलो खरे, पण तीनदा उठून ध्वनिवर्धक पाहून आलो. पुढच्या वेळी त्या बाई शेजारी बसणार आहेत, आणि उठू देणार नाही असे त्यांनी बजावले आहे.