दीड सेकंदाचे अंतर

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत काही शिकारी आता 900 मीटरवरून हरीण टिपतात. लेझरने अंतर मोजायचे, वाऱ्याचा हिशेब करायचा, दुर्बिणीची चकती फिरवायची आणि घोडा दाबायचा. कसब मोठे आहे, हे मान्य. पण एवढ्या अंतरावर गोळी पोहोचायला सुमारे दीड सेकंद लागतो. तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकले तर? गोळी छातीऐवजी पोटात शिरते, जनावर झाडीत पळते आणि तासन्‌तास तडफडते. रायफल कितीही महाग असो, ते एक पाऊल तिच्या हिशेबात नसते.

1887 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब तर शिकाऱ्यांचाच. त्यालाही ही पद्धत न्याय्य वाटत नाही. जनावराला चाहूल लागण्याची संधीच उरत नाही, असे तो म्हणतो.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद, मग आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. आम्हाला तसे वाटत नाही. बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या बाणाची शिकार हलाल, हे आपल्या मुलांना ठाऊक असते. पण जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करण्यास हदीसमध्ये मनाई आहे. शिवाय जखमी जनावर जिवंत हाती लागले तर त्याला जबह करावे लागते. डोंगरात 900 मीटर चालून जायला पाव तास तरी जातो, आणि रक्ताचा माग शोधायला सुरुवात होते ती त्यानंतर.