मानवरहित म्हणजे कुणाविना?

‘मानवरहित हेलिकॉप्टर’ या शब्दात एक छोटीशी लबाडी आहे. कॉकपिट रिकामं असतं, एवढंच खरं. माणूस तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसलेला असतो. कुठे, हे शोधायला लागलं की प्रश्न फक्त तंत्रज्ञानाचा राहत नाही.

अमेरिकन नौदलाचं एमक्यू-८बी ‘फायर स्काउट’ घ्या. श्वायझर ३३३ या छोट्या हेलिकॉप्टरवरून नॉर्थ्रॉप ग्रुमन कंपनीने ते तयार केलं. युद्धनौकेच्या डेकवरून ते आपलं आपण उडायचं, तासन्‌तास टेहळणी करायचं आणि पुन्हा डेकवर उतरायचं. २ ऑगस्ट २०१० रोजी मेरिलँडमधल्या चाचणी उड्डाणात त्याचा नियंत्रण कक्षाशी संपर्क तुटला. हे कधीतरी होणार, असं गृहीतच धरलेलं असतं. संपर्क तुटला तर तळाकडे परत फिरायचं, हा नियम सॉफ्टवेअरमध्ये आधीच लिहिलेला असतो. त्या दिवशी ते फिरलंच नाही. सुमारे ३७ किलोमीटर पुढे जाऊन ते वॉशिंग्टनभोवतीच्या निर्बंध असलेल्या हवाई हद्दीत शिरलं. ऑपरेटर्सनी दुसऱ्या नियंत्रण कक्षातून संपर्क जोडला आणि ते सुखरूप परत आणलं. नौदलाने सांगितलेलं कारण होतं, सॉफ्टवेअरमधला दोष.

मीही पोटापाण्यासाठी कोडच लिहितो. सर्व्हरकडून उत्तर आलं नाही तर काय करायचं, हे सांगणाऱ्या ओळी माझ्याही कोडमध्ये असतात. तिथे चुकलं तर फार तर कुणाचे पैसे दोन दिवस अडकतात. पण कामाची जात तीच आहे. ज्या क्षणी मी हजर नसेन, त्या क्षणाचा निर्णय मी आज घेऊन ठेवतो. आकाशात एकटं पडल्यावर काय करायचं, हे त्या हेलिकॉप्टरलाही कुणीतरी खूप आधी, एखाद्या एसी ऑफिसात बसून सांगून ठेवलं होतं.

यावर माझे मित्र म्हणतात, “अरे, ते तर फक्त बघतं. मारत थोडंच?” पण फायर स्काउटच्या कॅमेऱ्यासोबत एक लेझरही असायचा. तो अंतर मोजायचा आणि लक्ष्यावर खूणही करायचा. त्या खुणेवर क्षेपणास्त्र दुसरं कुणी सोडेल. मग बोट दाखवणारा निर्दोष आणि दगड मारणारा तेवढा दोषी, असं म्हणता येईल?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं मात्र हलकं नाही. १९६० साली सोव्हिएत संघाने अमेरिकेचं यू-२ हेर विमान पाडलं. वैमानिक गॅरी पॉवर्स जिवंत हाती लागला आणि पॅरिसची शिखर परिषद उधळली. जून २०११ मध्ये लिबियावर टेहळणी करणारं एक फायर स्काउट पडलं, तेव्हा कुणी मेलं नाही की कैद झालं नाही. एका घरातला माणूस घरी राहिला, याची किंमत मी कमी लेखणार नाही. पण तो माणूस गमावण्याची भीती हाच एक ब्रेकही होता. दुसऱ्याच्या आभाळात डोकावण्याआधी तीच भीती राज्यकर्त्यांना दोनदा विचार करायला लावायची. माणूस काढला, त्याबरोबर तो ब्रेकही निघाला.

मग जबाबदारी कुणाची? मोठ्या प्रोजेक्टवर शेकडो लोक असतात. प्रत्येकाकडे एक मॉड्यूल, प्रत्येकाकडे ‘मी तर फक्त एवढंच केलं’ हे वाक्य. पण जबाबदारी लाडवासारखी नसते, वाटली म्हणून प्रत्येकाचा वाटा लहान व्हायला. वैमानिकाला निदान ठाऊक असायचं की आपण कुणाच्या डोक्यावरून उडतोय. आपल्याला तिकीट नंबर ठाऊक असतो.

माझ्या पिढीतले अनेक जण ड्रोनच्या क्षेत्रात जातील. जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. सीमेवरच्या सैनिकाऐवजी यंत्र पुढे जात असेल तर त्यात पुण्यही आहे. पण मुलाखतीत पगाराच्या आधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हे यंत्र कुणाकडे बघणार आहे? आणि त्याने चुकीचं काही केलं, तर उत्तर द्यायला कोण उभं राहणार? दुसऱ्या प्रश्नाला समोरून ‘सिस्टिम’ असं उत्तर आलं, तर मी ती नोकरी घेणार नाही.