खळ्यातला भाव, दुकानातला भाव

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला, आपल्या धाकट्या पंढरीला, पायी निघालेल्या शेतकऱ्याच्या फडक्यात ज्वारीची भाकरी असते. ती ज्वारी दर वेळी त्याच्याच रानातली असते का?

धान्य महागलं की शेतकऱ्याचं भलं झालं, असं आपण सहज म्हणतो. पण दोन-अडीच एकरांचा कोरडवाहू शेतकरी सुगीतच माल विकतो. उधारी दारात उभी असते, साठवायला जागा नसते. सहा महिन्यांनी तोच दुकानात गिऱ्हाईक होतो.

२०१५च्या दुष्काळात तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली, तेव्हा मराठवाड्यातल्या कणग्या रिकाम्या होत्या. पुढच्या हंगामात तूर उदंड पिकली, आणि बाजारभाव क्विंटलला ५,०५० रुपयांच्या हमीभावाखाली घसरला. भाव होता तेव्हा माल नव्हता. माल आला तेव्हा भाव नव्हता.

म्हणून भाव वाढल्याचं ऐकलं की एक विचारू या: आज माल कुणाच्या घरात आहे? गावाजवळ गोदाम असावं, ठेवलेल्या मालावर तारण कर्ज वेळेवर मिळावं, आणि विकण्याआधी वर्षाची ज्वारी घरात राहावी. ज्याच्या रानात पिकतं, त्याच्या चुलीवर ते आधी शिजावं.