साक्षीदारालाच शिक्षा

उन्हाळा लागला की पवना, इंद्रायणी, मुळा जलपर्णीखाली दिसेनाशा होतात. मग निवेदने, निविदा, पोकलेन आणि ‘नदीचा गळा घोटणारी राक्षसीण’ अशा बातम्या. माझ्या मते आपण वड्याचे तेल वांग्यावर काढतो आहोत.

जलपर्णी निष्पाप नाही. तिच्या थराखाली ऊन पोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. हत्तीरोग पसरवणाऱ्या मॅन्सोनिया डासांच्या अळ्या तिच्या मुळांतून हवा घेऊन जगतात. भरपूर खाद्य मिळाले तर ती दोनेक आठवड्यांत दुप्पट होते. पण हे खाद्य तिला घालतो कोण? एक रोप उपसून पाहा. वर फुगलेले, स्पंजासारखे देठ. खाली काळ्या पिसांसारखा मुळांचा झुपका आणि त्यात अडकलेला गाळ. त्यात आपल्या संडास-मोरीचा वाटा आहे. मैला आणि साबणाच्या पाण्यातले नत्र-स्फुरद हे तिचे खत. स्वच्छ, वाहत्या पाण्यात तिची उपासमार होते.

‘परकी आहे, म्हणून घातक’ हा युक्तिवाद तर टिकतच नाही. ती दक्षिण अमेरिकेतली. बटाटाही तिथलाच, आणि तो उपवासाला चालतो! बंगालमध्ये पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ती जर्मनांनी आणल्याची वदंता होती. १९३६ मध्ये तिच्याविरुद्ध कायदाही झाला. जलपर्णीने तो काही वाचला नाही.

मग काढायचीच नाही का? जरूर काढा. पण काठावर रचलेला ढीग कुजला की त्यातले खत पहिल्या पावसात पुन्हा नदीत उतरते. कंपोस्ट करायचे, तर आधी तपासणी हवी. कारखान्यांच्या सांडपाण्यातले जड धातूही ती शोषून घेते.

खरा दांभिकपणा पाहायचा तर वारीच्या तोंडावर इंद्रायणीकाठी जावे. जलपर्णी हटली की तेच पाणी ‘तीर्थ’ ठरते. ज्या वारकऱ्याला आपण माउली म्हणून हाक मारतो, त्याच्या ओंजळीत शहराचे सांडपाणी घालताना आपल्याला काही वाटत नाही. श्रद्धा त्याची, मैला आमचा.

यंदा नगरसेवकाला ‘जलपर्णी कधी काढणार?’ असे विचारू नका. आपल्या प्रभागातले किती सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जाते, हे विचारा आणि उत्तर लेखी मागा.