उन्हात उभे राहण्याचे पुण्य

हज हा इस्लामच्या पाच स्तंभांपैकी एक. ऐपत आणि ताकद असलेल्या मुसलमानावर तो आयुष्यात एकदा फर्ज आहे. जिलहिज महिन्याच्या ८ तारखेपासून १२ किंवा १३ तारखेपर्यंत मक्का, मिना, अराफात आणि मुजदलिफा या परिसरात त्याचे विधी होतात. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे हज दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. २०२४ साली तो जूनमध्ये आला. मक्केच्या मुख्य मशिदीपाशी पारा ५१.८ अंशांवर गेला आणि त्या यात्रेत १,३०१ जण दगावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यामुळे एक जुना प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. देवाच्या वाटेवर सोसलेल्या उन्हाचे पुण्य मिळते का, आणि मिळत असेल तर छत्री उघडणाऱ्याचे पुण्य उणे होते का?

हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदींच्या संग्रहांत या प्रश्नाला थेट भिडणारा एक प्रसंग आहे. मुहम्मद पैगंबर प्रवचन देत असताना त्यांना एक माणूस उन्हात ताटकळत उभा दिसला. चौकशी केली तेव्हा कळले की हा अबू इस्राईल. त्याने नवस केला होता, की बसायचे नाही, सावलीत जायचे नाही, कोणाशी बोलायचे नाही आणि रोजा धरायचा. पैगंबरांनी सांगितले, त्याला बोलू द्या, सावलीत जाऊ द्या, बसू द्या. रोजा मात्र पुरा करू द्या. नवसाची चार कलमे होती. तीन निकालात निघाली आणि एकच टिकले. टिकले ते असे, की ज्याला धर्मात उपासना म्हणून आधीपासून जागा होती. उन्हाला ती नव्हती.

दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेत पाय ओढत चाललेल्या म्हाताऱ्याचीही अशीच गोष्ट आहे. पायी हज करायचा त्याचा नवस होता. पैगंबरांनी त्याला वाहनावर बसायला लावले. या माणसाने स्वतःला छळावे याची अल्लाहला गरज नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. अनवाणी चालायचे नवस मराठी वाचकाला परके नाहीत, तेव्हा या निर्णयाची धार त्याला वेगळी समजावून सांगायला नको.

पण दुसरी बाजूही त्याच संग्रहांत आहे. उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा करणाऱ्या आपल्या पत्नी आयेशांना पैगंबरांनी सांगितले होते, की जितके कष्ट तितके फळ. मग खरे काय मानायचे? हा पेच सोडवण्यात मध्ययुगीन धर्मशास्त्र्यांनी बरीच बुद्धी खर्च केली. इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम (मृत्यू १२६२) यांनी मांडलेला भेद सर्वांत स्वच्छ वाटतो. कडाक्याच्या थंडीत केलेले स्नान आणि सुखद हवेत केलेले स्नान ही उपासना म्हणून सारखीच. थंडीत करणाऱ्याला जास्तीचे मिळते ते थंडी सोसल्याचे, पण ती टळणारी नव्हती म्हणून. कष्ट हे स्वतः काही देवाजवळ नेणारे कृत्य नव्हे. ग्रानाडाचे शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ‘अल-मुवाफकात’मध्ये हाच धागा पुढे नेला. कामाबरोबर येणारा त्रास स्वीकारावा. पुण्य वाढावे म्हणून त्रासाच्या मागे लागू नये, कारण त्रास देणे हा कायद्याचा हेतूच नाही. थोडक्यात, वाटेत ऊन लागले तर त्याचे फळ आहे, पण सावलीची वाट सोडून मुद्दाम उन्हात शिरण्याचे नाही.

याच विचारातून सवलतींचे, म्हणजे रुखसतीचे शास्त्र उभे राहिले. अडचण आली की नियम सैल होतो, हे इस्लामी कायद्याच्या पाच मूलभूत सूत्रांपैकी एक मानले जाते. प्रवासी रमजानचा रोजा मागे ठेवून नंतर भरून काढू शकतो आणि चार रकातींची (आवर्तनांची) नमाज दोनच रकात पढू शकतो. इथे महाराष्ट्रातच दोन परंपरा नांदतात. राज्यातले बहुतेक सुन्नी मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान शाफई. हनफी मतानुसार प्रवासात नमाज आखूड करणे आवश्यक आहे, शाफई मतानुसार ते ऐच्छिक. म्हणजे हनफी प्रवाशाने भक्तीच्या भरात पूर्ण चार रकात पढायचे ठरवले, तर ती जास्तीची भक्ती ठरत नाही, चूक ठरते.

हजच्या विधींत हा प्रश्न कापडापर्यंत येऊन पोचतो. पुरुषाच्या एहरामात, म्हणजे यात्रेच्या वेशात, दोन न शिवलेली वस्त्रे असतात आणि डोके उघडे ठेवावे लागते. टोपी चालत नाही. छत्री चालते का? पैगंबरांचे सहकारी इब्न उमर यांनी उंटावर सावली धरून बसलेल्या एहरामधारी माणसाला उन्हात यायला सांगितल्याचे सांगतात. उलट त्या यात्रेत असलेल्या उम्मुल हुसैन यांनी खुद्द पैगंबरांच्या हजचे जे दृश्य सांगितले आहे, त्यात बिलाल आणि उसामा या सहकाऱ्यांपैकी एकाच्या हाती उंटिणीची दोरी आहे आणि दुसऱ्याने ऊन लागू नये म्हणून पैगंबरांवर कापड धरले आहे. आज सुन्नी यात्रेकरू बिनदिक्कत छत्री वापरतात. बारा इमामी शिया परंपरेत मात्र एहरामात प्रवास करताना पुरुषाने छप्पर टाळावे असा नियम आहे. त्यामुळे इराणी यात्रेकरूंसाठी बिनछपराच्या बसगाड्या असतात, आणि आजारपणामुळे किंवा असह्य उन्हामुळे सावली घ्यावी लागली तर प्रायश्चित्त म्हणून बकरा द्यावा लागतो. नियम कडक खरा, पण जीव वाचवण्याची वाट त्यातही मोकळी आहे.

अराफातचे उभे राहणे हा हजचा गाभा. तिथल्या टेकडीवर चढण्याची लोकांना भारी हौस असते, पण शास्त्रात त्याची सक्ती नाही. अराफातचे सारे मैदान उभे राहण्याची जागा मानले जाते. तंबूत बसून दुआ करणाऱ्याचा हजही पूर्ण होतो. जमरातला, म्हणजे मिनातल्या सैतानाच्या प्रतीकांना, खडे मारणे हनफी ग्रंथांत विनाकारण रात्रीवर ढकलू नये असे म्हटले आहे. अशक्त माणसाला ती अडकाठी नाही, आणि अगदीच न झेपणाऱ्याच्या वतीने दुसरा कोणी खडे मारू शकतो.

खरी मेख पुढे आहे. सवलत घ्यायची की नाही हे ज्याने ठरवायचे, त्याची विचारशक्तीच ऊन हिरावून घेते. हवा त्वचेपेक्षा जास्त तापली की शरीरातली उष्णता बाहेर टाकायला घाम एवढाच मार्ग उरतो. पाणी आटले की तोही बंद होतो, आणि शरीराचे तापमान ४० अंशांपुढे गेले की माणूस बरळू लागतो. आपली अवस्था आता सवलतीची आहे हे त्याला कळेनासे होते. धर्मशास्त्राने ज्या पाच गोष्टी जपायच्या म्हणून सांगितल्या, त्यांत जिवाबरोबर बुद्धीही आहे. म्हणूनच सोबत्याचा शब्द मानायचा, भर दुपारी बाहेर पडायचे नाही, हे भान शाबूत असतानाच ठरवून ठेवावे लागते. श्रद्धेच्या जोरावर तरून जाईन म्हणणाऱ्याला हे रुचत नाही.

एहरामात मरण आले तर माणूस कयामतीच्या दिवशी लब्बैक (मी हजर आहे) म्हणत उठेल, अशी श्रद्धा आहे आणि तिला हदीसचा आधारही आहे. पण ती ज्या माणसाबद्दल सांगितली गेली, तो उंटावरून पडून अपघाताने गेला होता. मरण शोधायला आला नव्हता.

२०२४ मधल्या मृतांपैकी ८३ टक्के लोक परवान्याविना आलेले होते, असे सौदी आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. त्यांना ना वातानुकूलित तंबू होता ना बस. भर उन्हात मैलोन्‌मैल चालणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले. जन्मभराची पुंजी घालून निघालेल्यांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांच्या गळी चोरवाट उतरवणारे दलाल अधिक दोषी आहेत. कुराणाने हजला सामर्थ्याची अट घातली आहे आणि शास्त्र्यांनी या सामर्थ्यात पैसा, प्रकृती आणि वाटेची सुरक्षितता हे सारे धरले आहे. ज्याच्यापाशी यातले एखादे नाही, त्याच्यावर स्वतः हजला जाणे फर्ज होत नाही. पैसा असून शरीर कायमचे थकले असेल, तर त्याने हज-ए-बदलसाठी दुसऱ्याला पाठवावे.